रविवारचं वजन

माझा स्वभाव हेडमास्तरिणीचा आहे, हे आधीच सांगून टाकते. शिवाजी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या लाइनीत मी समोरून आले की बायका भाजीची पिशवी पाठीमागे घेतात, कारण मी आत डोकावते आणि फरसाण दिसलं की बोलतेच. नागपूरला कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचे. गुडघा गेला, मग कारकुनी आली, लग्न झालं, भोपाळ आलं. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या मुलींची टीम राज्य स्पर्धेत उतरणार असं ठरलं तेव्हा मैदान कोचने घेतलं आणि मुलींचं खाणं, झोप, दुखणीखुपणी मी मागून घेतली. कुणी दिली नव्हती.

टीममध्ये सगळ्या नोकरी करणाऱ्या मुली. त्यातली एक भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, चोवीस वर्षांची, अंगाने भक्कम. कोपऱ्यात उभी राहून ती चढाईवाल्या मुलीचा घोटा असा धरायची की सुटायचं नाव नाही. पण कबड्डीत वजनाची मर्यादा असते आणि ती पाच किलो वर होती. दोन वर्षं तिने बाहेर बसून बाकीच्यांच्या बाटल्या भरल्या होत्या. या वेळी कोचने स्पष्ट सांगितलं, वजन बसलं तर तू सातांत, नाहीतर दुसरी मुलगी तयार करतो.

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. "ताई, मला बस एक बार मॅटवर उतरायचंय. तुम्ही जे म्हणाल ते खाईन. नको म्हणाल त्याच्याकडे बघणार पण नाही, कसम से."

मी तक्ता लिहून दिला. सकाळी मोड आलेली मटकी आणि दोन अंडी, डब्यात ज्वारीची भाकरी, वरण, काकडी. सरावानंतर लिंबाचं सरबत, साखर-मीठ घालून. रात्री आठ तास झोप, मंगळवारी पूर्ण विश्रांती, पाय गरम पाण्यात. घरच्या वजनकाट्यांवर माझा विश्वास नव्हता. म्हणून दर रविवारी सरावानंतर आम्ही सगळ्या घामेजलेल्या तशाच टी. टी. नगरात एका किराणा दुकानात जायचो. तिथे पोती तोलायचा मोठा काटा होता. एकेक मुलगी त्यावर चढायची, दुकानदार आकडा मोठ्याने सांगायचा आणि वजन कमी झालं असलं की आम्ही रस्त्यावर टाळ्या वाजवायचो. गिऱ्हाइकंही वाजवायची.

पहिला महिना तिचा काटा जेमतेम हलला. नंतर मात्र दर रविवारी किलो, दीड किलो, एकदा तर दोन. मी फुशारून गेले होते. ऑफिसात फाइली बाजूला सारून मी तिचं उदाहरण देत असे.

तिला सारखी तहान लागायची. पाणी प्या म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागलेलीच होते, तेव्हा तिची बाटली दाखवून इतरांना झापायचे. ती दर थोड्या वेळाने बाथरूमला पळायची, मुली चिडवायच्या, "मॅट पर कम, बाथरूम में ज्यादा." सुट्टीच्या दिवशी दुपारभर झोपते म्हणाली, तर मी म्हटलं, छान, शरीर झीज भरून काढतंय. ती थकलेली दिसली की तिला सरबताचा दुसरा ग्लास द्यायचे, साखर चांगली चढवून. मी स्वतःच्या हाताने द्यायचे. एकदा कोच म्हणाला, हिचा चेहरा उतरलाय हो. मी त्याला म्हटलं, वजन उतरल्यावर चेहरा काय चढणार आहे? तो शिट्टी वाजवत मुलींकडे वळला. माझ्यापुढे सगळेच गप्प बसतात.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती मर्यादेच्या दोन किलो खाली भरली. माझ्या गळ्यात पडून रडली. पहिल्या सामन्यात तिने तीन पकडी केल्या. मध्यंतरानंतर ती मॅटवर खाली बसली, श्वास जोरजोरात चालला होता, मग उलटी झाली. मला वाटलं, धसका घेतलाय पोरीने. तिचे डोळे फिरले तेव्हा आम्ही तिला रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, मधुमेह. रक्तातली साखर मोजण्यापलीकडे गेली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "वजन झपाट्याने उतरलं असेल, तहान लागत असेल. कुणाच्याच लक्षात आलं नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मी तिच्यावर प्रेम करत होते. हे तिला कधी म्हटलं नव्हतं, आता कागदावर म्हणते. डोळ्यांत तेल घालून मी तिच्याकडे बघत होते आणि मला फक्त आकडा दिसत होता.

पंधरा-वीस दिवसांनी मी मंडीदीपला तिच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. खुणा माझ्या समोर होत्या, मी त्यांना टाळ्या वाजवल्या, वर साखर पाजली. तिची आई वर्ध्याकडची, कमी बोलणारी. तिने पाणी दिलं. मी म्हटलं, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

ती आत गेली आणि पोरीची निळी ट्रॅक पँट घेऊन आली. कमरेची शिवण उलटी करून माझ्या मांडीवर ठेवली. "तीनदा आत घेतली मी ही, ताई. दोन महिन्यांत तीनदा. आणि मी खुशीत शिवत होते." तिचं बोट टाक्यांवरून फिरत होतं. "डॉक्टर म्हणले, कोणाच्याच लक्षात कसं नाही आलं. बाकीच्यांचं जाऊ द्या. आईला कळायला नको?"

मी जे सांगायला गेले होते, ते आता सांगितलं असतं तर तिच्याच प्रश्नाचं उत्तर झालं असतं. कळण्यासारखं होतं, असं. मी पँटची घडी घातली.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "हे कुणालाच कळलं नसतं."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि त्या दिवसांत बहुधा पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली. "तुम्ही म्हणता म्हणजे खरंच असेल," ती म्हणाली. "तुम्हाला यातलं कळते."