निरीक्षण वहीतला शेवटचा रकाना

गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, की यंदापासून अकरावीला मानसशास्त्र ठेवायचंय आणि ते मीच शिकवायचं. कारण काय, तर बी.ए.ला माझा तो विषय होता. दहा वर्षं मी कर्जतच्या मुलांना मराठी शिकवतेय. मानसशास्त्रातलं मला परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणीची वही उतरवून घेतल्याचं तेवढं आठवत होतं. पण साहेबांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मानवी विकासाचा भाग आधी घ्यायचं ठरवलं, तो सोपा वाटला म्हणून. भिसेगावातल्या घरी जेवणाच्या टेबलावर आखणी करायला बसले. टेबलाखाली माझा अडीच वर्षांचा मुलगा वाट्या फिरवत बसायचा. आई, पाणी, दे, यातला एकही शब्द अजून त्याच्या तोंडून आला नव्हता.

मी तासिका वाटत होते. चालायला शिकण्याला दोन, खेळाला तीन, किशोरवयाला आठ. भाषेच्या विकासाला एक, तीही सहामाही परीक्षेच्या तोंडावर. कुठल्या वयात मूल काय बोलतं याचा पुस्तकात तक्ता होता. त्याच्यापुढे मी ‘विद्यार्थ्यांनी घरी वाचावा’ असं लिहून मोकळी झाले. तो तक्ता माझ्या हातानं फळ्यावर लिहायची माझी हिंमत नव्हती. सरळ सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती सकाळी डोळे उघडल्यापासून वाटायची.

सासूबाई पोशीरच्या. भाताची शेती सांभाळून चार मुलं वाढवलेली बाई, त्यांना तक्त्यांचं काय कौतुक! “बोलंल गं. याचा बाप चार वर्साचा झाला तरी बोलत नव्हता, आता गप बसवावा लागतो. तू ती पुस्तकं घरात आनू नको.” तो बाप मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर. त्याला विचारलं, की तो म्हणायचा, आई सांगतेय ना. मला दोघांचा राग यायचा आणि त्यांचंच खरं निघावं म्हणून जीव तुटायचा.

प्रात्यक्षिकासाठी मात्र मी हौसेनं एक उपक्रम काढला. प्रत्येकानं ओळखीतलं तीन वर्षांच्या आतलं एक मूल निवडायचं, पंधरा दिवस त्याच्याकडे नीट बघायचं आणि वहीत पाच रकाने भरायचे. मुलाचं नाव लिहायचं नाही, हे मी दोनदा बजावलं. आमच्या शेजारची मुलगी त्याच वर्गात होती. तिच्या घरात भावाची एक वर्षाची मुलगी, तेव्हा ती भाचीवरच लिहिणार हे मी धरून चालले होते. संध्याकाळी ती आमच्याकडे मुलाशी खेळायला यायची, पण ते काही नवीन नव्हतं.

वह्या आल्या तेव्हा मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत तपासायला घेतल्या. तिची वही उघडली. ‘मुलगा, अडीच वर्षे. वाट्या आवडतात.’ हे तर आमच्याच टेबलाखालचं होतं. खाली तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, ‘मागून हाक मारली तर बघत नाही. कुकरच्या शिट्टीला दचकत नाही. फरशीवर तांब्या आपटून फरशी हादरली तर लगेच बघतो. समोर बसून बोललं की तोंडाकडे बघून हसतो.’

मी त्याच्या बोलण्याची काळजी करत बसले होते. कानांचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता, असं मी तिथं बसल्या बसल्या स्वतःला सांगितलं. मग शेवटचा रकाना वाचला. ‘निरीक्षकाचे मत’ हे त्याचं शीर्षक मीच दिलं होतं. ‘बाळाच्या आईला हे माहीत असावे. ती त्याला मागून कधीच हाक मारत नाही. आधी फिरून त्याच्या समोर जाते, मगच बोलते.’

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. माझा चेहरा बघून तीच रडकुंडीला आली. “मॅडम, मी नाव नाय लिवलं. चुकलं का माझं?”

“तुझं नाही चुकलं गं,” मी म्हणाले. पुढचे दोन तास मी काय शिकवलं, देव जाणे.

घरी पोचले तेव्हा मुलगा दाराकडे पाठ करून खेळत बसला होता. माझे पाय आपोआप त्याच्या पुढ्यात जायला निघाले. मी उंबऱ्यातच थांबले आणि त्याला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर ओरडलेच.

सासूबाई ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या न हललेल्या मानेकडे बघितलं आणि त्याच्या समोर येऊन बसल्या.

“पनवेलला कानाचा डॉक्टर हाय ना गं?” त्या म्हणाल्या. “उद्या सुट्टी टाक. मी पन येते.”