आजीचा खोकला

"तू डॉक्टर नाहीस. जे लिहिलंय ते कोड कर," कॅरल म्हणाली. ती आमच्या मेडिकल रेकॉर्ड्सची सुपरवायझर. मनाने चांगली, नियमाला पक्की.

माझ्यापुढे दोन महिन्यांच्या बाळाचा चार्ट होता. डॉक्टरांचं निदान ब्राँकायटिस. आमचं काम एवढंच, की त्या निदानाचा आकडा, म्हणजे कोड, जाडजूड पुस्तकातून शोधून चार्टवर टाकायचा. पेशंट वॉर्डात असतानाच कच्चा कोड पडे. पण नर्सच्या नोट्समध्ये होतं: खोकल्याची उबळ, बाळ निळं पडतं, मग लांब आवाज करत श्वास, उलटी. नर्सच्या नोट्सवरून कोड करता येत नाही. मला मात्र लहानपणी शेजारच्या घरात ऐकलेला डांग्या खोकला आठवला.

बाळाचं आडनाव मराठी होतं, आणि सोबत आजी आल्याची नोंदही होती. कॅरलला सांगून मी डॉक्टरांना गाठलं आणि डांग्या खोकल्याची शंका बोलून दाखवली.

"हूपिंग कफ? घरात कुणीच खोकत नाही. आईला विचारलं मी."

"आजीला विचारलंत?"

"तिला इंग्लिश येत नाही."

"मला मराठी येतं."

आजी वेटिंग रूममध्ये नऊवारीवर मुलाचा कोट घालून बसली होती.

"आजी, तुम्हाला खोकला आहे का?"

"छे रे. हवा बदलली, एवढंच." म्हणता म्हणता पदर तोंडाशी धरून खोकत राहिली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कधीपासून?"

"इकडे यायला निघाले तेव्हापासून. सुनेसमोर दाबून धरते. तिला सांगू नकोस हं. बाळाला हात लावू देणार नाही. त्यासाठीच तर आले रे एवढ्या लांब."

मी सांगितलं. डॉक्टरांना, तिच्यासमोर, इंग्लिशमध्ये. ती विश्वासाने माझ्या तोंडाकडे बघत होती. ती नजर अजून माझी पाठ सोडत नाही.

बाळाच्या नाकातला स्वॅब लॅबला गेला. औषध त्याच दिवशी बदललं. आजीलाही गोळ्या मिळाल्या, आणि बाळापासून लांब राहायची ताकीद. स्वॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, डॉक्टरांनी निदान बदलून लिहिलं, मी कोड बदलला.

डिस्चार्जच्या दिवशी बाळ आजीच्या मांडीवर होतं. आजीच्या गोळ्या पूर्ण झाल्या होत्या, आणि आईनेच दिलेलं.

"माझ्यामुळेच झालं ना रे?" तिने हळूच विचारलं.

"कुणामुळे झालं ते आमच्या पुस्तकात नसतं, आजी."

ते खरंच होतं. आजाराला आकडा असतो, तो कुणाकडून आला याला नसतो.

आता मी नव्या कोडर्सना शिकवतो. शंका आली तर अंदाजाने आकडा टाकू नका, डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी त्याच्या भाषेत विचारलंय का, तेही विचारा.