चौदावं नाव

बेला आर्चबोल्ड माझी शेजारीण. वय त्र्याण्णव, आणि गावात एकाशीही तिचं धड नव्हतं. माझ्याशी बोलायची ते एवढ्यासाठीच, की मी लग्न होऊन दूरवरून या किनाऱ्यावर आले होते. "तू बाहेरची आहेस, म्हणून चालतेस," असं तोंडावर सांगायची.

तिचा बाप राल्फ मासेमार. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला. तोफगोळ्याने खंदक ढासळला आणि तो मातीखाली गाडला गेला. सोबत्यांनी उकरून काढलं तेव्हा कानांतून रक्त येत होतं. आठ दिवसांनी पुन्हा पुढे जायचा हुकूम आला, आणि राल्फ उलट्या दिशेने चालू लागला. तीन दिवसांनी तो एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडला. पलटण सोडून पळाला म्हणून एका पहाटे त्याला खांबाला बांधलं आणि त्याच्याच पलटणीतल्या माणसांनी गोळ्या घातल्या. बेला तेव्हा चार वर्षांची होती.

पत्र आलं आणि गावाने पाठ फिरवली. गळांना शिंपल्यांचं आमिष लावायला बायका किनाऱ्यावर एकत्र बसायच्या. बेलाची आई टॅमर येऊन बसली की एकेक उठून जायची. मार्था स्टॅन्टनचे दोन मुलगे लढाईत गेले होते. ती भर बाजारात टॅमरच्या पायाशी थुंकली.

"माझी पोरं मेली, आणि तुझा नवरा गोठ्यात लपला!"

"तोही मेलाच की गं, मार्था."

"कुत्र्यासारखा मेला."

एकोणीसशे एकवीस साली चौकात युद्धात गेलेल्यांचं दगडी स्मारक उभं राहिलं. त्यावर तेरा नावं. राल्फचं नव्हतं. दर नोव्हेंबरात, युद्ध संपल्याच्या दिवशी, मास्तरीणबाई सगळ्या पोरांना रांगेने तिथे न्यायच्या, बेलाला एकटीला वर्गात बसवून. पुढे एका होडीवाल्याशी तिचं लग्न ठरत आलं, तर त्याच्या आईने "त्या घरातलं भित्रं रक्त नको" म्हणून मोडलं. बेलाने पुन्हा कोणाकडे पाहिलं नाही. मासळीला धूर देण्याच्या शेडमध्ये ती राबत राहिली.

आई गेल्यावर मात्र ती गावावर उलटली. स्मारकापाशी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले की चौकालगतच्या आपल्या अंगणात ती गालिचा दोरीवर टाकायची आणि दांडक्याने बडवायची. धप्, धप्, धप्. एकदा पोलीस आला, तर त्यालाच विचारलं, "घर साफ ठेवायला बंदी आहे का रे?" खिडकीवर दगड आले. तिने काच बदलली, आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा दांडकं घेतलं. चाळीस वर्षं! खरं सांगते, मला त्या आवाजाचा संताप यायचा. माझ्या नवऱ्याचा चुलत आजोबा त्या दगडावर आहे.

मग दोन हजार सहा साली सरकारने अशा तीनशेहून जास्त सैनिकांना माफी दिली. मार्थाचा नातू कथबर्ट स्मारक समितीचा अध्यक्ष होता. तो कागद घेऊन आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"बेलाबाई, आनंदाची बातमी आहे. तुमच्या वडिलांना माफी मिळाली."

"कशाची?"

"म्हणजे... पळून गेल्याची."

"वाच. सगळं वाच."

वाचता वाचता कथबर्ट शेवटी अडखळला. या माफीमुळे मूळ निकालाला वा शिक्षेला बाध येत नाही, असं तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे गोळ्या घातल्या ते बरोबरच?"

"कायद्याची भाषा आहे हो ती. आम्ही नाव कोरणार आहोत. तुम्ही फुलं वाहा, पेपरवाले येतील."

"तुझी आजी माझ्या आईच्या पायाशी थुंकली होती."

"मी जन्मलोसुद्धा नव्हतो तेव्हा!"

"मग माझ्या बापाला माफ करायला बरा जन्मलास! त्याचं नाव तुमच्या दगडावर घालायचं नाही. ऊठ."

'म्हातारीला माफीसुद्धा पुरत नाही,' असं गावभर झालं. आणि पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी नाव कोरलंच, तिला न विचारता. मी चाकाच्या खुर्चीतून तिला तिथे नेलं. वर जागा नव्हती, म्हणून नाव अगदी तळाशी होतं, इतरांपासून सुटं. तिने वाकून अंगठ्याने एकेक अक्षर चाचपलं. बराच वेळ.

मग म्हणाली, "हे खरवडायला किती वेळ लागेल गं?"

"पुरे करा आता, मावशी! तुमचेच वडील आहेत ना ते?"

"म्हणूनच."

त्यानंतर दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीत ती गेली. वकिलाकडे तिची चिठ्ठी होती. अंत्यविधीच्या प्रार्थनेला गावातलं कोणी नको, आणि चर्चच्या दारात मी उभं राहायचं. जन्मभर दुसऱ्याला असं काम सांगितलं नव्हतं तिने, मग मी तरी नाही कशी म्हणणार?

सगळं गाव आलं. काळे कोट, हातात फुलं. मी एकेकाला परत पाठवलं. माझ्या नवऱ्यालाही. शेवटी कथबर्ट राहिला, हातात मोठं पुष्पचक्र घेऊन. थंडीने, नाहीतर रागाने, त्याचा चेहरा लाल झाला होता.

"अगं, पण आम्ही नाव कोरलं की!"

"हो, कोरलंत," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.