मार्चअखेरचं ऊन

कुणाच्याही घरी गेलं की आधी पंख्याचं बटण बंद करायचं आणि मग बसायचं, ही आमच्या शेजारच्या जिजीची रीत. "राहू दे भाऊ, मे महिनामा कामले यी," असं वर म्हणायची. आमच्या घरावर सोलर नाही, वाचलेलं काही मे महिन्यात आमच्या हाती लागणार नाही, हे सांगून मी थकलो. शेवटी घाम पुसत पाहुणचार करू लागलो.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. पण जिजीला कंजूष म्हणू नका. तिचे यजमान, अण्णा, लकव्याने अंथरुणाला खिळलेले, आणि आमच्या लोणखेड्याचा उन्हाळा त्यांना सोसत नसे. अंग तापलं की बोलता येत नसल्याने नुसतं डोळ्यांतून पाणी गळायचं. त्यांच्यासाठी तिने छतावर सोलर बसवलं, खोलीत एसी लावला. वापरून उरलेली वीज कंपनीकडे जाते आणि आपल्या नावावर युनिट जमा होतात, एवढं तिला पटकन कळलं. कोठीत ज्वारी भरावी तशी ती हिवाळाभर युनिट भरत राहिली. मिक्सर ठेवून पाट्यावर चटणी वाटली. मार्च तापला तरी एसी लावला नाही. ओल्या पंच्याने अण्णांचं अंग पुसत बसायची.

एप्रिलचं बिल आलं. जमा युनिट शून्य. मीच तिला वीज कार्यालयात घेऊन गेलो. साहेब भला होता, खुर्ची दिली, समजावलं. हिशेबाचं वर्ष मार्चअखेर संपतं, उरलेल्या युनिटांचे किरकोळ पैसे बिलात वळते होतात, एप्रिलला पाटी कोरी.

"पन खरं ऊन ते एप्रिलपाइन लागस ना, साहेब?" जिजी म्हणाली.

साहेबाने नियमाचा छापील कागद तिच्यापुढे सरकवला. हा नियम करणाऱ्याने आमच्याकडे एक मे महिना काढायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

तो उन्हाळा अण्णांनी कसाबसा काढला. दिवसा छतावरच्या विजेवर एसी चाले; सूर्य मावळला की बिलाच्या धाकाने चालू-बंद, चालू-बंद. दिवाळीनंतर ते गेले.

आता जिजी सुरतेला लेकीकडे असते आणि घराला कुलूप. मला आठवतो तो ती जाण्याआधीचा मार्च. दुपारी डबा द्यायला गेलो, तर अण्णांच्या खोलीत एसी लावलेला, खाट रिकामी, आणि खाली गोधडी पांघरून जिजी बसलेली.

"थंडी वाजी ऱ्हायनी ना, जिजी?"

"वाजू दे भाऊ. मार्च सरी ऱ्हायना. आते कोनासाठे जमाडू?"