'या' कोणाला म्हटलं

आमच्या फाटकातून गाडी बाहेर काढणं हे एका माणसाचं काम नाही. घर रस्त्यापासून बरंच आत आहे. फाटकातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सुपारी, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि शेवटी विहीर आणि घर. गाडी वळवायला जागा नाही असं नाही, पण त्या जागेवर सासऱ्यांनी लावलेलं रातांब्याचं झाड आहे आणि ते तोडायचं नाही असं ठरलेलं आहे. कोणी ठरवलं ते आता कोणालाच आठवत नाही. त्यामुळे आमची गाडी तोंडाने आत जाते आणि पाठीने बाहेर येते.

फाटकाबाहेर पूर्वी चांगली ऐसपैस मोकळी पट्टी होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली. आता फाटक उघडलं की पाय थेट डांबरावर. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यावर वाढलेली कण्हेर, म्हणजे गाडीचा अर्धा भाग रस्त्यावर येईपर्यंत आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं. त्यात काशीदला जाणारे पाहुणे. समुद्र संध्याकाळपर्यंत टिकेल यावर त्यांचा विश्वास नसतो, अशा वेगाने ते जातात.

म्हणून मी. मी रस्त्यावर जाऊन उभी राहायची, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायची आणि आमच्या गाडीला 'या, या' म्हणायची.

गाडीला म्हणजे अर्थात ह्यांना. बँकेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. नातेवाईक म्हणाले, आता या वयात कशाला. मी काही म्हणाले नाही, कारण अलिबागला जाताना एसटीत उभं राहून माझे गुडघे मेटाकुटीला आले होते. हे शिकले, पास झाले, एक जुनी पांढरी गाडी घेतली. हल्लीच्या बायका नवऱ्याला 'ये, ये, बस' असं म्हणून गाडी मागे घ्यायला लावतात. मला ते जमत नाही. लग्न झाल्यापासून अहो-जाहो केलं, आता केवळ चाकं मागे फिरतायत म्हणून अरे-तुरे कसं करायचं? तेव्हा आमच्याकडे 'या'.

गाडी आली तसा आमचा संध्याकाळचा नेमही बदलला. ह्यांना हात साफ ठेवायचा असायचा. चहा झाला की आम्ही निघायचो, कधी काशीदपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, उगाचच. समुद्र उजव्या हाताला ठेवून जायचं, डाव्या हाताला ठेवून परत यायचं.

आता काकू. काकू शेजारच्या वाडीतल्या. वयाने माझ्या आईच्या जवळपास, काकांच्या मागे एकट्या राहतात, मुलगा पनवेलकडे. स्वभावाने मोकळ्या, जिभेने तिखट, आणि एका बाबतीत कमालीच्या हट्टी. बोलावल्याशिवाय त्या कोणाच्या दारात पाऊल टाकत नाहीत. आमचं फाटक उघडं असलं, मी पडवीत समोर दिसत असले, तरी त्या फाटकाशी उभ्या राहणार. मी 'या काकू' म्हटलं की मगच आत. मी एकदा चिडून म्हटलंही होतं, "काकू, इतक्या वर्षांनी पुन्हा 'या' कशाला हवं?" त्या म्हणाल्या, "तू म्हणायचं, मी यायचं. त्यात तुझं काय जातं गो?" माझं काही जात नव्हतं. संध्याकाळी देवळातून परतताना त्या आमच्या फाटकाशी थांबायच्या, मी 'या' म्हणायची, त्या यायच्या.

त्या दिवशी शनिवार होता. रस्त्यावर गाड्यांची रीघ. मी रस्त्यात उभी, तोंड अलिबागच्या बाजूला, कारण धोका तिकडून. एक हात वर करून एका मोठ्या काळ्या गाडीला थांबवलं होतं आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. पाठीमागे आमची गाडी येत होती, तिचा आवाज मला कळत होता. मी मान अर्धी वळवून म्हणत होते, "या... या... या."

आणि मग काकूंचा आवाज आला. किंचाळल्या नाहीत, नुसतं "अगं" म्हणाल्या.

मी वळले तेव्हा त्या फाटकाच्या तोंडाशी गडग्याला टेकून खाली बसलेल्या होत्या, देवळातून आणलेली फुलं मांडीवर, आणि आमच्या गाडीची पाठ त्यांच्यापासून हातभर. गाडी त्यांना ओझरती लागली होती. लागली त्यापेक्षा त्या दचकून पडल्या होत्या. पण पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं.

त्याच गाडीतून त्यांना अलिबागला नेलं. मी मागे काकूंना धरून बसले होते. वाटेत काकूच म्हणाल्या, "हळू चालव रे. आता कसली घाई?"

प्लास्टर घालून परत आलो आणि तिथून तो गोंधळ सुरू झाला, जो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

हे म्हणाले, चूक माझी. गाडीची चावी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, मी पुन्हा हात लावणार नाही. मी विचारलं, "पण तुम्हाला काकू दिसल्या नाहीत?"

"दिसल्या की."

"मग?"

"आरशात साडी दिसली. मला वाटलं तूच आहेस. तू नेहमी बाजूला होतेस."

"माझी साडी निळी होती. काकूंची पिवळी."

"आरशात रंग कोण बघतं?"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपण नवऱ्याला आरशात कशा दिसतो ते मला एकदाचं कळलं. एक साडी, जी बाजूला होते. मला राग आला आणि हसूही आलं, आणि ती वेळ नव्हती म्हणून दोन्ही गिळली.

काकू म्हणाल्या, चूक माझीच. गाडी हलताना मध्ये शिरावं का माणसाने?

गावाने आपापली मतं दिली. नाक्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, "गाडीवाल्यानं बगाया नको? चालनारा मानूस पयला." दुसरा म्हणे, "व्हय, पन चालनाऱ्याला डोलं न्हाय काय?" ह्यांना शिकवणीत सांगितलेला नियम पाठ होता: फाटकातून गाडी बाहेर काढणाऱ्याने रस्त्याने चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी त्यावर बराच विचार केला. काकू रस्त्याने चालत पुढे जात असत्या तर गोष्ट सरळ होती. पण त्या पुढे जात नव्हत्या, आत वळत होत्या. आमच्याकडे येत होत्या. घरातला बाहेर पडतोय आणि त्याच वेळी पाहुणा आत येतोय, तर कोणी थांबायचं? आणि ज्या बाईला दोघांवर लक्ष ठेवायला उभं केलंय तिचं तोंड तिसरीकडेच असेल तर? हे कुठल्याच नियमात बसेना. विचार करता करता मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

कारण मला ठाऊक होतं की काकू न बोलावता आत वळत नाहीत. म्हणजे त्यांनी 'या' ऐकलं. म्हणजे मी म्हटलं. मी तर म्हणतच होते, पण कोणाला?

इथे माझी स्मृती मला साथ देत नाही. मान अर्धी वळवली तेव्हा पिवळं काहीतरी डोळ्यांच्या कोपऱ्यात आलं होतं, असं मला वाटतं. ते काकूंची साडी होती की कण्हेर, सांगता येत नाही. पिवळं दिसल्यावर जो शेवटचा 'या' माझ्या तोंडून गेला तो ह्यांना होता, की सवयीने काकूंना? मी रात्र रात्र तो 'या' पुन्हा म्हणून पाहिला. ह्यांना म्हणताना तो जरा लांबतो, काकूंना म्हणताना आखूड असतो. शेवटचा कसा होता? जितकं आठवायला जावं तितका तो दोन्हीसारखा वाटायचा.

मग काकूंचा मुलगा आला. मुलगा भला आहे. भांडायला आला नव्हता. पडवीत बसला, ह्यांना म्हणाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला एवढंच कळू दे वहिनी. एवढी गाडी मागे येत होती ती आईला दिसली नाही, ऐकू आली नाही. मग तिला इथे एकटीला कसं ठेवू? मी तिला घेऊन जातो. तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

काकू शेजारीच बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. ज्या बाईला बोलण्यापासून थांबवणं आजवर कोणाला जमलं नव्हतं, ती सुपारीकडे बघत होती. मला त्या बघण्याची भीती वाटली. वाडी, देऊळ, समुद्राची हवा, हे सगळं त्या मनातल्या मनात आवरायला घेतायत असं वाटलं.

मी म्हटलं, "त्यांना ऐकू आलं. म्हणूनच त्या वळल्या. मी त्यांना 'या' म्हटलं होतं."

"गाडी मागे येत असताना?"

"हो. तोंडातून गेलं. तुझी आई बोलावल्याशिवाय येते का कुठे?"

तो आईकडे बघत राहिला. त्याला हे पटण्यासारखं होतं, कारण आईचा हा हट्ट त्यानेही लहानपणापासून सोसला होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला. जाताना म्हणाला, "गाडी काढताना जरा आईकडेही बघत जा." मी हो म्हटलं. ह्यांनीही हो म्हटलं. काकूंनीही.

मी खरं सांगितलं की खोटं, मला माहीत नाही. हे मला सगळ्यात जास्त छळत होतं. खोटं बोलल्याची टोचणी मला सोसली असती. खरं बोलल्याची खात्री तर सहजच सोसली असती. मला दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही.

शेवटी मी काकूंनाच विचारायचं ठरवलं. डबा घेऊन त्यांच्याकडे गेले होते. त्या डाव्या हाताने जेवत होत्या आणि मला मदत करू देत नव्हत्या. मी विचारलं, "काकू, खरं सांगा. मी त्या दिवशी 'या' कोणाला म्हटलं?"

त्यांनी घास संपवला. "गाडीला."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? गाडीला म्हणतेस ते रोज ऐकत्ये मी. तुम्ही निघायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभी असत्ये. तुझं 'या, या' चाललेलं असतं. गाडी बाहेर येते, तू बसतेस. मी 'जाऊन या' म्हणत्ये आणि घरी येत्ये."

मला आठवलं. हो, 'जाऊन या' त्या म्हणायच्या. मी काचेतून हात हलवायचे.

"मग त्या दिवशी का वळलात?"

"तेच मला कळत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहराही माझ्यासारखाच गोंधळलेला होता. "गाडी आली तेव्हापासून मला असं 'या' कोणी म्हटलं नव्हतं गो. त्या दिवशी तू मान वळवून म्हणालीस. माझ्याकडे बघून म्हणालीस असं वाटलं. नाही ते माहीत होतं. तरी पाय वळले."

गाडी कधी आली आणि काकूंचं पडवीत येणं कधी थांबलं, या दोन गोष्टी मी एकत्र कधी ठेवूनच पाहिल्या नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि त्या रिकाम्या संध्याकाळी मला जाणवल्याही नाहीत म्हणून वाटलं. मी डबा घासला आणि घरी आले.

प्लास्टर निघालं त्यानंतरच्या एका संध्याकाळी मीच ह्यांना खुंटीवरची चावी काढून दिली. माझी औषधं संपली होती आणि एसटीत उभं राहण्याची माझी तयारी नव्हती. मी फाटक उघडलं. या खेपेस रस्त्यावर अशी उभी राहिले की रस्ताही दिसेल आणि फाटकही. ह्यांनी गाडी सुरू केली. गडग्याशी काकू उभ्या होत्या, हातात देवाची फुलं, दुसरा हात अजून जरा जपून धरलेला.

रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, "या."

गाडी हलली नाही. काकूही हलल्या नाहीत. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोणाला?" दोघांनी एकदमच विचारलं.

मी गाडीपाशी गेले, ह्यांना इंजिन बंद करायला लावलं आणि चावी मागून घेतली. औषधं उद्या आणता येणार होती. मग फाटकाकडे वळून म्हटलं, "या काकू."