एक एकर मुद्देमाल

शिरूर आणि दौंडमधली माझी पोलिसातली नोकरी बरीचशी वाळू, अपघात आणि बांधाची भांडणं यांतच गेली. त्यातलं बहुतेक विसरलो. टेकाडाच्या मातीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. नाव कुणाचंच सांगत नाही. गाव घोड नदीकाठचं, इनामगावच्या बाजूचं, एवढं पुरे.

गावाबाहेर पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं. फार जुन्या काळी तिथे वस्ती होती म्हणून पुरातत्त्व खात्याने फलक लावलेला. एके दिवशी त्या खात्याचे अधिकारी ठाण्यात आले. टेकाडाची एक बाजू कुणीतरी यंत्राने कापून नेली होती. माती चोरीला गेली म्हटल्यावर ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याला दटावलं आणि फिर्याद नीट लिहून घ्यायला लावली.

खबर मिळाली ती सरकारी दवाखान्यात. आमचे हवालदार एका आरोपीला वैद्यकीय तपासणीसाठी घेऊन गेले होते. शेजारच्या बाकावर कांदा लागवडीच्या मजूर बायका धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला बसल्या होत्या. गाळ टाकलेल्या एका रानात खापरांनी पाय कापले, अशी त्यांची कुरकुर चालली होती. हवालदार पाटसचे, घरी ऊस. तळ्याच्या गाळात पाय रुततो, कापत नाही, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

तळ्यातला गाळ उपसून हलक्या रानात टाकायचा आणि त्याचं अनुदान लहान शेतकऱ्याला द्यायचं, अशी सरकारी योजना तेव्हा चालू होती. ते रान एका एकट्या आजींचं निघालं. विहारामागे घर, एकरभर मुरमाड जमीन. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपायाला घेऊन मीच गेलो. आजींनी जयभीम केला, पाणी दिलं आणि गाळ तळ्यातलाच आहे म्हणून सांगितलं. बांधावर मात्र खापरांचा ढीग होता. दगड वेचावेत तशी त्यांनी ती वेचून रचली होती. तांबडी, वर काळ्या रेघा, टेकाडावर सापडतात तशीच. ही कुठून आली विचारलं, तर म्हणाल्या, रानातून. ते काही खोटं नव्हतं.

माती आणून टाकणारा माणूस त्याच गावचा. सगळे त्याला आप्पा म्हणत. कोणती योजना आली, ती कुणाला लागू होते, अर्ज कसा भरायचा, हे गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. तळं लांब आणि टेकाड जवळ, त्यामुळे डिझेल कुणाचं वाचलं हे उघड होतं. पण पुरावा हवा होता. इस्त्रीच्या कपड्यांत तो ठाण्यात आला, चहा प्यायला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, गावात फिरा. माझ्याविरुद्ध एक माणूस बोलला तर बेड्या घाला."

आम्ही फिरलो. कुणी बोललं नाही. माणूस भीतीने, पैशाने किंवा नात्यामुळे गप्प बसतो, असा माझा तोवरचा अनुभव. इथे यातलं काहीच दिसेना. जीपमध्ये हवालदारांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्याला कोन भीत न्हाई, साहेब. पन त्यो आत गेला तर उद्या योजना आली म्हंजी सांगनार कोन?"

मला त्या आप्पाचा राग आला. सरकारचा दरवाजा सगळ्यांना उघडा, आणि हा पठ्ठ्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेला.

दुसऱ्या दिवशी कृषी खात्याच्या माणसाला बरोबर घेतलं आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर माईक लावला. त्या वर्षीच्या योजना आम्ही एकेक करून वाचल्या. ठिबक, शेततळं, बांधावरची झाडं. कुणाला मिळतं, काय लागतं, मोबाईलवरून स्वतः अर्ज कसा करायचा. चोरीचा मी शब्दही काढला नाही. लोक उठायला तयार नव्हते. शेवटी मागे बसलेल्या आजींनी विचारलं, "म्हंजी ह्याला मधी कुनी लागत न्हाई?"

"नाही लागत, आजी."

त्या उठून उभ्या राहिल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंग लिहा. माती टेकाडाची हाय. मी बघितलीय आनताना."

त्यानंतर इतरांनीही जबाब दिले. आप्पाला अटक झाली, माती वाहणारा त्याचा डंपर जप्त झाला. प्रश्न उरला मातीचा. कायद्याने तो मुद्देमाल, आणि त्यात आजींचा कांदा उभा. आयुष्यात पहिल्यांदा त्या रानात बाजरीपलीकडे काही आलं होतं. "खापरं न्या, साहेब. माती ऱ्हाऊ द्या," एवढंच त्या म्हणत होत्या. मी पुरातत्त्वच्या अधिकाऱ्यांना विचारलं. थर मोडून एकदा हललेली माती आमच्या कामाची राहत नाही, म्हणाले. पंचांसमक्ष खापरं आणि पिशवीभर माती सीलबंद केली. बाकीची जागेवरच सोडली, आणि तसं पंचनाम्यात लिहिलं.

खटला उभा राहीपर्यंत माझी बदली होऊन गेली होती. साक्षीसाठी शिरूरच्या कोर्टात आलो तेव्हा आजी व्हरांड्यात भेटल्या. ठिबकचं काय झालं, मी विचारलं. अर्ज आप्पाकडेच दिलाय, म्हणाल्या. तो जामिनावर सुटून आला होता आणि पुन्हा योजना सांगायला लागला होता. माईक घेऊन पुढे कुणी आलंच नव्हतं. मी मनातून या साक्षीवर पाणी सोडलं.

पुकारा झाला. आजी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि आप्पाकडे बघून जबाबातलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. वकिलाने फिरवून फिरवून विचारलं, तरी त्या हलल्या नाहीत. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसल्या.

"आता त्यो काय माझा अर्ज फुडं पाठवत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दिशी वाचलं व्हतं त्यात ठिबकाचं काय व्हतं, परत सांगा."

चोर पकडला म्हणजे आपलं काम झालं, असं मी नोकरीभर मानत आलो. तो ज्या जागेवर बसलेला असतो ती जागा आपण रिकामीच ठेवतो, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. मी चष्मा लावला, मोबाईल काढला आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.