चष्म्याने आईला जे सांगितलं

वर्षभरात आईची नजर फार अधू झाली आहे. या ग्रुपवर तुमच्यापैकीच कोणीतरी सुचवलेला, समोरचं दृश्य बोलून सांगणारा स्मार्ट चष्मा आज खारघरच्या घरी आला. सकाळी तो माझ्या मोबाइलला जोडायला बसलो. तीनदा पेअरिंग फसलं, चौथ्यांदा जमलं.

चष्मा आईला घातला आणि समोर सोफ्यावर बसलो. आई बेलापूरच्या मावशीच्या गुडघ्यांचं सांगत होती. मी नेहमीसारखा "हं, हं" म्हणत तुम्हांला ग्रुपवर "जमलं एकदाचं" असं कळवत होतो.

मध्येच तिने हौसेने काडीवरचं बटण दाबलं. "सांग बरं, समोर काय आहे?"

चष्मा हिंदीत म्हणाला, "सोफे पर एक आदमी बैठा है. वह मोबाइल देख रहा है."

आई म्हणाली, "मला वाटायचं, मी बोलते तेव्हा तू माझ्याकडे बघतोस."

मी मोबाइल बाजूला ठेवला. तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. "राहू दे रे. याच्याशिवाय बरं दिसत होतं."

आत्ता ती झोपली आहे, म्हणून मोबाइल हातात घेतला.

तुम्ही "हं" म्हणता तेव्हा कुठे बघत असता?